अर्धा कप चहा, पण कप मोठा

आदरणीय ताई,

मी नाशिक रोड परिसरातील एका खासगी रुग्णालयात १४ वर्षे परिचारिका आहे आणि त्यातील ९ वर्षे डायलिसिस विभागात काढली आहेत. आमच्याकडे तेच रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात आणि चार-चार तास यंत्राला जोडलेले असतात, त्यामुळे नाते घरच्यासारखे होते. विभागात पहिल्यापासून हसते-खेळते वातावरण होते. सारखा अलार्म वाजवणाऱ्या एका यंत्राचे नाव आम्ही 'सासूबाई' ठेवले आहे. 'अर्धा कप चहा दे, पण कप मोठा घे,' असे दर वेळी बजावणाऱ्या एक आजी तर सर्वांच्याच लाडक्या आहेत.

एप्रिलमध्ये एका काकांचे वजन दोन सत्रांच्या मध्ये ३.८ किलोने वाढलेले दिसले, म्हणजे तेवढे पाणी अंगात साठले होते. मी काट्याजवळूनच म्हणाले, 'काका, उन्हाळ्यात गंगापूर धरण आटते आणि तुम्ही मात्र तुडुंब भरून येता!' सगळे हसले. काका स्वतः असेच बोलणारे आहेत, पण त्या दिवशी ते गप्प राहिले. एरवी ते सिटीलिंकच्या बसने एकटे येतात; त्या दिवशी पुण्याहून आलेली त्यांची मुलगी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी तिने लेखी तक्रार दिली. मेट्रन मॅडमनी मला बोलावून 'टवाळा आवडे विनोद' हे समर्थांचे वचन ऐकवले आणि विभागात थट्टामस्करी करू नये अशी सूचनाच लावली. तीन आठवडे विभागात सुतक असल्यासारखी शांतता आहे. त्यातच दोन जागा रिकाम्या आहेत आणि आम्ही थकून गेलो आहोत. कपडे बदलण्याच्या खोलीत मात्र आमचे हसणे चालू असते, आणि ते कधी कधी इतके निर्दय असते की घरी गेल्यावर मलाच अपराधी वाटते. पोटॅशियम वाढवणारी केळी पथ्य मोडून खाऊन येणाऱ्या एका रुग्णाला आमच्यातल्या काहीजणी 'पोटॅशियम' म्हणतात. माझे चुकले का? आजारी माणसांत हसणेच चूक आहे का?

— एक परिचारिका

प्रिय सिस्टर,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात धरणाच्या वाक्याला मीही हसले, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचे सारे मी कोरड्या काठावर उभी राहून लिहीत आहे असे तुम्हाला वाटणार नाही. दुसऱ्या वाचनात मात्र माझी नजर तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका तपशिलावर अडली. एरवी एकटे येणाऱ्या काकांबरोबर त्या दिवशी त्यांची मुलगी होती.

परगावी राहणाऱ्या मुलीला वडील फोनवर काय सांगत असतील, याचा अंदाज माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक असेल. 'पाणी अगदी मोजून पितो, तू काळजी करू नकोस,' हे वाक्य डायलिसिसवरचे माणूस असलेल्या घराघरांत बोलले जाते. एप्रिलच्या उन्हात ते पाळणे किती अवघड असते, हे ज्याने दिवसाच्या लिटरभर पाण्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचे घोट आणि उरलेली सारी तहान बसवून पाहिली आहे त्यालाच कळते. काट्यावरचा आकडा त्या वाक्याची पोल उघडी करतो. तुम्ही तो आकडा सर्वांसमोर, आणि मुख्य म्हणजे मुलीसमोर, एका चटपटीत वाक्यात वाचून दाखवलात. काका विनोदाने दुखावले असे म्हणण्यापेक्षा ते मुलीसमोर उघडे पडले, असे मी म्हणेन. आपल्याला इतके दिवस खोटे सांगितले जात होते, हे त्या मुलीलाही त्याच क्षणी कळले असणार, आणि असा धक्का माणूस जवळच्या माणसावर काढत नाही, समोरच्या गणवेशावर काढतो.

आता थोडे कटू लिहिते. ३.८ किलो वजन म्हणजे चार तासांत तेवढे पाणी ओढून काढणे आले. ते घाईने निघाले की बीपी उतरते, पायात गोळे येतात आणि मग सलाईन सोडायला, पाय दाबायला धावपळ तुमचीच होते. दोन जागा रिकाम्या असलेल्या विभागात तो आकडा पाहताच तुमच्या पोटात गोळा आला असणार. 'काका, असे का करता हो, आज आपल्या दोघांनाही त्रास होणार,' हे तुमच्या मनातले खरे वाक्य होते आणि ते धरणाचे रूप घेऊन बाहेर पडले. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची काही कमी नाही. थट्टा, चेष्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, खोडी, कोटी हे सगळे शब्द आहेत, आणि त्यांच्या शेजारीच टोमणा हाही आहे. बाकीच्या शब्दांत निदान खेळ असतो, टोमण्यात मात्र तक्रारच विनोदाचे कपडे घालून आलेली असते. ऐकणाऱ्यांना कपडे दिसतात म्हणून ते हसतात; ज्याला तो लागतो त्याला आतली तक्रार दिसते आणि वर हसण्याची सक्तीही होते. मस्करीची कुस्करी होते ती बहुधा याच वाटेने.

तमाशातला सोंगाड्या राजाची खोडी काढतो, प्रधानाची काढतो, तेव्हा आपण मोकळेपणाने हसतो, कारण राजाचे काही बिघडणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. तुमच्या विभागात राजा कोण, याचा विचार तुम्ही बहुधा कधी केला नसेल. पगाराची पावती पाहून तुम्हाला ते पटणार नाही, पण तिथे राजा तुम्ही आहात. समोरचा माणूस दोन सुयांनी यंत्राला बांधलेला आहे, चार तास त्याला उठून जाता येत नाही, आणि पुढची सुई हलक्या हाताने टोचली जाणार की नाही हे तुमच्यावर अवलंबून आहे. अशा माणसाने तुमच्या विनोदावर हसणे आणि त्याला तो आवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांच्या शिळ्या विनोदांवर तुम्ही राऊंडच्या वेळी कशा हसता, ते आठवा.

मी शासकीय सेवेत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग मला अजून टोचतो, तो सांगते. अस्थिरोग विभागात अपघातात पाय चिरडलेला एक तरुण महिनाभर पडून होता. तो बोलका होता आणि शेजारच्या खाटांवरची भांडणे मिटवायचा, म्हणून मीच त्याचे नाव 'सरपंच' ठेवले, आणि ते इतके रुळले की औषधे वाटणाऱ्या सिस्टरही त्याच नावाने हाक मारू लागल्या. पुढे जंतुसंसर्ग वाढला आणि एका संध्याकाळी गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. दोन दिवसांनी त्याला वॉर्डात आणले. मी सकाळी नेहमीच्या सुरात म्हणाले, 'काय सरपंच, कसे आहात?' त्याने माझ्याकडे पाहिले, काही न बोलता मान वळवली आणि चादर डोक्यावर घेतली. मला वाटत होते की मी त्याला जुन्या दिवसांची ऊब देते आहे. त्याच्या लेखी मी त्या माणसाला हाक मारत होते जो आता राहिलेला नव्हता.

नंतरचे आठ-नऊ दिवस मी त्याला नावाने हाक मारली आणि कामापुरतेच बोलले. मग एके दुपारी वॉर्डातले मामा चाकाची खुर्ची ढकलत घेऊन आले, तेव्हा तो स्वतःच उशीवरून मान उचलून म्हणाला, 'आली का खुर्ची? सरपंचाला किती दिवस बिनखुर्चीचे ठेवता?' सारा वॉर्ड हसला. मी मात्र हसता हसता खिडकीकडे वळले. त्या दिवसापासून 'सरपंच' हे नाव पुन्हा सुरू झाले, पण आता ते त्याचे होते.

मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचे आहे. दुखण्यावरच्या विनोदाचा पहिला हक्क ज्याचे दुखणे त्याचा असतो, आणि काल दिलेली परवानगी आज चालतेच असे नाही. तुम्ही लिहिता की काका एरवी स्वतः असे बोलतात. बोलत असतील, पण ते बोलतात तेव्हा वेळ, शब्द आणि ऐकणारे त्यांनी निवडलेले असतात. त्यांचे वाक्य उचलून तुम्ही त्यांच्यावर टाकले, म्हणजे शब्द तेच राहिले आणि मालक बदलला. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. आपण स्वतः हसणे ते आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवणे ते परस्थ. तुमच्या लाडक्या आजींचा मोठा कप आठवा. त्या स्वतः आपल्या पथ्यावर हसतात आणि तुम्हाला हसवतात. तुम्ही फक्त दाद देता. नऊ वर्षांत विभागात जे हसते वातावरण तुम्ही राखले, त्यातले बरेचसे तुमच्या दाद देण्यातून आले असावे असा माझा तर्क आहे, आणि मेट्रनच्या सूचनेने तुमच्याकडून काही हिरावले गेले असेल तर ते हेच; विनोद करणे नव्हे. (भरतमुनींनी हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकारही सांगितले आहेत. दात दिसत नाहीत ते स्मित. तोंडावर मास्क लावून काम करणाऱ्या तुम्हा लोकांचे वर्गीकरण मात्र त्यांना डोळ्यांवरूनच करावे लागले असते.)

आता 'आजारी माणसांत हसणेच चूक का' हा तुमचा दुसरा प्रश्न. याचे उत्तर देताना मला दोन्ही बाजूंच्या अतिशयोक्तीची भीती वाटते. हसण्याने रोग पळतो असे सांगणारे लोक नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाचे उदाहरण देतात. १९६४ मध्ये त्याला सांध्यांचा असह्य वेदना देणारा आजार झाला, त्याने विनोदी चित्रफिती मागवून पाहिल्या, आणि दहा मिनिटे पोटभर हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते असे त्याने पुढे १९७६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. तो त्याच काळात क जीवनसत्त्वही भरमसाट प्रमाणात घेत होता, आणि रुग्णालय सोडून हॉटेलात राहायला गेला होता, हा भाग सांगणारे बहुधा गाळतात. एका माणसाच्या अनुभवावरून औषध ठरत नाही. तुमच्या विभागापुरते बोलायचे तर हसण्याने क्रिएटिनिन उतरत नाही आणि पोटॅशियमही उतरत नाही; त्यासाठी यंत्र आहे.

पण वेदनेचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी चित्रफिती दाखवून आधी आणि नंतर त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा मोजली होती. मोजण्यासाठी त्यांनी बीपीचा पट्टा तर वापरलाच, शिवाय वाइनची बाटली गार ठेवण्याचे बर्फासारखे थंड आवरणही दंडावर चढवले. आपल्या द्राक्षांच्या गावाला हा भाग आवडावा. जे खळखळून हसले होते त्यांची सहनशक्ती वाढलेली आढळली, नुसते चित्त रमवणाऱ्या चित्रफिती पाहणाऱ्यांची तशी वाढली नाही, आणि एकट्यापेक्षा चारचौघांत लोक कितीतरी अधिक हसले. मेंदूत निर्माण होणाऱ्या एंडॉर्फिन या वेदनाशामक द्रव्यांमुळे हे घडत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. रॉबर्ट प्रोव्हाइन या दुसऱ्या अभ्यासकाने लोकांचे रोजचे हसणे टिपले. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो, आणि त्यातले बहुतेक हसणे विनोदावर नसतेच, ते 'बरं, भेटू मग' अशा साध्या वाक्यांवर असते, असे त्याला दिसले.

मला ही दुसरी गोष्ट तुमच्यासाठी अधिक मोलाची वाटते. विभाग हसता राहण्यासाठी कोणी रोज चटकदार वाक्ये पुरवावी लागत नाहीत. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका उद्यानात पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा ते एकमेकांना विनोद सांगत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि बोचणारे, पाचकळ विनोद उरले. लोक नाराज झाले. मग त्यांनी विनोदच वगळला आणि नुसते हसण्याचे व्यायाम सुरू केले. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर हात वर करून मोठमोठ्याने हसणारी मंडळी दिसतात, त्यांचे मूळ या टंचाईत आहे. (मला व्यक्तिशः ते सामुदायिक हसणे फारसे जमत नाही, माझे हसू आज्ञेवर येत नाही. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे.) चार खाटांचे चार रुग्ण एकमेकांशी बोलू लागले, मिसळीच्या रश्श्याची आठवण काढून एकत्र उसासे टाकू लागले, तरी तुमचे निम्मे काम होते.

आता काकांकडे वळू. त्यांच्याशी बोला, पण काट्याजवळ नको आणि मुलीच्या किंवा शेजारच्या खाटेच्या देखत नको. यंत्र लागून सगळे स्थिरावले की स्टूल ओढून बसा. उभ्याने मागितलेली माफी ही सूचना वाटते. 'गंमत केली होती हो' हे माफीचे वाक्य नाही. त्यात चूक ऐकणाऱ्याच्या पदरात टाकलेली असते. त्याऐवजी एवढेच म्हणा, 'काका, त्या दिवशी तुमचे वजन मी सगळ्यांसमोर बोलले, ते बोलायला नको होते. पुढे तसे होणार नाही.' मग गप्प बसा. ते काही बोलले तर ऐका, न बोलले तर उठून कामाला लागा. मुलीचा उल्लेख तुम्ही काढू नका. तहानेचा विषय मात्र त्यांनी काढला तर तो थट्टेवर नेऊ नका. फरसाण, लोणचे, पापड यांतले मीठ तहान वाढवते आणि पाण्याच्या आधी मीठ मोजावे लागते, हे तुम्ही त्यांना पूर्वी सांगितले असेलच, तरी पुन्हा सांगा.

मेट्रन मॅडमशी वाद घालू नका. 'टवाळा आवडे विनोद' हे वचन ज्या दासबोधातले आहे, त्याच दासबोधात समर्थांनी मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणे एकामागून एक अशी मांडली आहेत की गालातल्या गालात हसल्याशिवाय ती वाचता येत नाहीत. शिवाय समर्थ १२ वर्षे आपल्याच टाकळीत राहिले, तेव्हा त्यांच्यावर नाशिककरांचा थोडा अधिक हक्क आहे. पण हे उत्तर मी तुम्हाला मनात हसण्यासाठी दिले आहे, केबिनमध्ये वापरण्यासाठी नाही. तिथे दुसरे काही घेऊन जा. वजनाचा आकडा मोठ्याने न सांगता कागदावर लिहून रुग्णाला दाखवायचा आणि काट्यापुढे पडदा लावायचा, असा लेखी प्रस्ताव द्या. तक्रारीचे मूळ तिथे आहे, आणि ते बंद झाले की भिंतीवरच्या सूचनेला फारसे काम उरणार नाही. स्वतःपुरते आणखी एक ठरवा. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीत, सुई घालताना, बीपी उतरत असताना, पायात गोळा आलेला असताना आणि डॉक्टर वाईट अहवाल सांगून गेल्यावर विनोद नाही. हसणाऱ्या माणसाचा हात हलतो, हे वेगळे सांगायला नको.

कपडे बदलण्याच्या खोलीतल्या हसण्याबद्दल तुम्हाला अपराधी वाटते. मी अशा खोल्यांत पुष्कळ बसले आहे आणि तिथल्या हसण्याला मी पाप मानत नाही. मरणाच्या शेजारी रोज आठ तास काढणाऱ्यांना एक दार बंद करून हसण्याची जागा लागतेच. यंत्राला सासूबाई म्हणा, रजेच्या अर्जांना म्हणा, लिफ्टला म्हणा. पण 'पोटॅशियम' या नावाने मी थबकले. नाव ठेवल्यावर त्या माणसाच्या खाटेकडे जाताना तुमचा पाय हलका होतो की जड, हे चार दिवस पाहा. 'सासूबाईं'चा अलार्म बंद करायला जाताना तुम्ही हसत जाता, म्हणजे त्या नावाने कामाचे ओझे कमी केले आहे. 'पोटॅशियम'च्या खाटेवर 'तू जा, तू जा' अशी ढकलाढकल होत असेल, तर त्या नावाने त्याला आधीच अर्धे टाकून दिले आहे, आणि पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असलेल्या माणसाच्या बाबतीत ती ढकलाढकल महागात पडू शकते. हे नाव तुम्हीच बंद करा. सभा घेऊ नका, भाषण देऊ नका. तुम्ही स्वतः त्याला आडनावाने संबोधायला लागा, नऊ वर्षांच्या ज्येष्ठ सिस्टरचे अनुकरण व्हायला वेळ लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर रुग्णाबद्दलचा एकही विनोद नको. खोलीचे दार लावता येते, ग्रुपला दार नसते.

थकव्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण पत्राचे वजन मला तिथेच जाणवले. आमच्या विभागात ड्यूटी बदलताना आम्ही एक पद्धत पाडली होती, ती तुम्हाला देते. पावसाळ्यात गोदेला पूर आला की 'पाणी कुठवर?' एवढेच आपण विचारतो, आणि नदीकाठच्या मूर्तीवरून 'दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला', 'कमरेला', 'छातीला' असे उत्तर येते. पुढचे विचारावे लागत नाही. आम्ही येणारीला तेच विचारू लागलो. 'पाणी कुठवर?' कोणी 'पायाशी' म्हणे, कोणी 'कमरेला'. 'मला जमत नाही' असे म्हणायला ज्यांची जीभ उचलत नसे, त्यांना हे सहज म्हणता येई, आणि त्यावरून कोणाकडे कोणती खाट द्यायची हे ठरे. आमच्यातली एक सिस्टर घरचे कितीही असले तरी रोज 'पायाशी' म्हणायची. एके दिवशी ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच म्हणाली, 'मारुती दिसतच नाही.' आम्ही सगळ्या खो-खो हसलो, तीही हसली, आणि हसणे ओसरायच्या आत दुसरीने तिच्या हातातून औषधांची ट्रॉली काढून घेतली. त्यावर पुढे कोणी काही बोलले नाही.

कामाच्या ठिकाणचे हसणे मी कशाला मानते, असे कोणी विचारले तर मी ती ट्रॉली दाखवीन. त्याचबरोबर हेही लिहायला हवे की रिकाम्या दोन जागांवर विनोद बसवता येत नाही. हसतमुख राहणे हेसुद्धा कष्टाचे काम आहे. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून त्याला भावनिक श्रम असे नाव दिले. 'तुम्ही तर हसत-खेळत काम करता, तुम्हाला कसला ताण!' असे व्यवस्थापनाने म्हणायच्या आत एका परिचारिकेमागे एका पाळीत किती रुग्ण असतात, किती सत्रे होतात, किती वेळा जेवणाची सुट्टी बुडाली, याचा महिनाभराचा हिशेब वहीत लिहा आणि दोन जागांची मागणी त्या आकड्यांसह सर्वांच्या सहीने द्या. त्या अर्जात एकही विनोद नको; धरण तर मुळीच नको.

काकांचे पुढे काय होते ते मला कळवा. आठवड्यात होईल किंवा महिनाभर लागेल, पण त्यांचा स्वभाव तुम्ही लिहिता तसा असेल तर एखाद्या दिवशी ते काट्यावरून उतरताना स्वतःच म्हणतील, 'सिस्टर, आज विसर्ग किती क्युसेकने सोडणार?' त्या वेळी तुम्हाला त्याहून सरस उत्तर सुचेल, कारण तुम्हाला ते सुचतेच. ते गिळा, कागदावर आकडा लिहून त्यांच्या हातात द्या आणि पोटभर हसा. आणि आजींना चहा मोठ्याच कपात द्या. अर्धा कप मोजून घेतल्यावर.